सरईच्या मुळाशी: कुंडमच्या रानातला एक दिवस

पहाटे ४.३०

रात्रभर गडगडलं की दुसऱ्या दिवशी पिहरी निघते, असं कुंडमकडचे लोक सांगतात. पिहरी म्हणजे रानातली अळंबी. काल रात्री दीड वाजेपर्यंत ढग गडगडत होते, म्हणून रविवार असूनही साडेचारला उठले. गडगडाटाचं हे म्हणणं मी पूर्वी मनावर घेत नसे. पुढे वाचलं, की जपानच्या इवाते विद्यापीठात अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन पाहिले आणि पीक वाढलं. तेव्हापासून रानातल्या माणसाचं बोलणं आधी वहीत लिहून घेते, तपासायचं ते नंतर तपासते.

सामान थोडंच. वेताची टोपली, जुनी वर्तमानपत्रं, मेणकागद, बोथट चाकू, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पेन्सिल आणि नोंदवही. प्लास्टिकची एकही पिशवी नाही. पहिल्या वर्षी मी तीस नमुने पिशव्यांमध्ये भरून आणले होते. संध्याकाळी पिशव्या उघडल्या तर आत काळा रेंदा. अळंबीत बहुतेक पाणीच असतं. कोंडली की ती काही तासांतच स्वतः कुजायला लागते. त्या दिवशीच्या मेहनतीतून एकाही नमुन्याचं नाव हाती लागलं नाही.

सकाळी ५.३०

जबलपूरहून कुंडम सुमारे ५० किलोमीटर, पूर्वेला. रांझी मागे पडलं, मग खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी. १९०४ मध्ये जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली आणि कामासाठी दुरून माणसं आली. माझे आजोबा भंडाऱ्याकडून आले. जबलपूर आणि नागपूर तेव्हा एकाच मध्यप्रांतात होते. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि पावसाळ्यात आजीच्या तोंडी सात्या आणि टेकोडे. भंडारा-गडचिरोलीकडची ही वारुळावरच्या अळंबीची नावं मी जबलपुरात शिकले. पुण्या-मुंबईकडचा माणूस त्यालाच अळंबी म्हणतो, आणि जी खायची नाही ती सगळी त्याच्या लेखी कुत्र्याची छत्री.

गेली बावीस वर्षं मी इथल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यात कवकांचा भाग माझ्याकडे असतो, आणि पहिल्याच तासाला सांगावं लागतं की कवक ही वनस्पती नाही. हिरवा रंग नाही, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणं नाही. पेशीची भिंत झाडासारखी सेल्युलोजची नाही, कायटिनची आहे. खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीवर असतं तेच कायटिन. साठवणीला पिष्ट नाही, ग्लायकोजेन, आपल्या यकृतात असतं तसं. १९६९ मध्ये व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली तेव्हा कवकांना स्वतंत्र घर दिलं. वंशावळीत ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या, म्हणजे आपल्या, जवळची निघाली. अभ्यासक्रमात मात्र ती अजून आमच्याच विभागात आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण झाडं समजायला कवक लागतंच.

सकाळी ७.००

कुंडम. इथल्या कुंडाजवळून हिरन नदी निघते आणि पुढे नर्मदेला मिळते. चहाच्या टपरीवर कक्का वाट पाहत होते. साठीच्या पुढचे, गोंड, पाच एकर हलकी जमीन, त्यात कोदो, कुटकी आणि थोडं धान. आमची ओळख अकरा वर्षांची. ते मला दीदी म्हणतात, मी त्यांना कक्का. बोलणं हिंदीत, मध्येच ते बायकोशी, म्हणजे काकींशी, गोंडीत काही बोलतात आणि मग दोघंही माझ्याकडे पाहून हसतात. सोबत माझी एक विद्यार्थिनी आहे, रानात पहिल्यांदाच आलेली. कक्कांनी तिच्या सँडलकडे पाहिलं आणि काही न बोलता घरून मोठ्या नातवाचे बूट आणून दिले.

सकाळी ७.४०

आधी सागवानाची लागवड. एका वयाची, एका ओळीतली झाडं. अर्धा तास फिरूनही टोपलीत दोनच नमुने पडले, तेही कुजक्या काटक्यांवरचे. मुलगी म्हणाली, "मॅडम, इथे कवकंच नाहीत." आहेत. सागाच्या मुळातली कवकं मुळाच्या पेशीत शिरून आत झाडासारख्या बारीक फांद्या फोडतात, पण जमिनीवर छत्री काढत नाहीत. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींचा या जातीच्या कवकांशी संसार असतो. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, धड मुळंही नसलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांत ती सापडली आहेत. मूळ तयार व्हायच्या आधीपासूनची ही सोबत.

सकाळी ८.१५

नाला ओलांडला आणि सरई सुरू झाली. सरई म्हणजे साल. जबलपूरकडून मंडला-दिंडोरीकडे जाताना साग मागे पडत जातो आणि ही वाढत जाते. इथे पाऊल टाकताच खाली बघून चालावं लागतं. लाल, जांभळ्या, पिवळट टोप्यांच्या रुसुला. नळ्यांची खालची बाजू असलेले बोलेटस. पायाशी पेला आणि देठावर कडं असलेली अमॅनिटा. आणि जमिनीत अर्धवट रुतलेले, करड्या सालीचे सुपारीएवढे गोळे. बस्तरमध्ये त्यांना बोडा म्हणतात, आणि पहिल्या पावसात बाजारात त्यांचा भाव मटणाच्या वर जातो. कक्का त्यांना पुटू म्हणतात. त्यांनी एक नखानं फोडून दाखवला. आत पांढराशुभ्र होता. "असा असला तर खायचा. काळा पडला की सोडायचा, तो पुढच्या वर्षाचा." काळा पडतो म्हणजे आत बीजाणू पिकतात. पुढच्या वर्षाचा, हे त्याचं त्यांनी केलेलं वर्णन माझ्या पाठ्यपुस्तकातल्या वर्णनापेक्षा चांगलं आहे.

मग मुलीला गुडघ्यावर बसवलं. एका लाल रुसुलाच्या शेजारचा पाचोळा हातानं अलगद बाजूला केला. वर यंदाची करकरीत पानं. खाली मागच्या वर्षीची, शिरांची जाळी उरलेली. त्याखाली काळपट, ओला, पानाचं रूपच गेलेला थर, आणि त्यात पांढरे धागे. दोरा पिंजून पसरावा तसे, एका पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून मातीत. हे कवक. वरची लाल टोपी हे त्याचं फळ. आंब्याच्या झाडाला आपण आंब्यावरून ओळखावं आणि झाड कधी पाहूच नये, तसं आपण कवकाबाबत करत आलो. एकेक तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. त्याला तोंड नाही, पोट नाही. टोकाशी तो वाढतो आणि वाढता वाढता बाहेरच पाचकरस सोडतो. अन्न अंगाबाहेर पचतं आणि विरघळलेलं तो शोषून घेतो. आपण अन्न पोटात घेतो, कवक अन्नाच्या पोटात जाऊन राहतं.

धाग्यांच्या मागे बोट नेत नेत सरईचं एक कोवळं मूळ सापडलं. भिंग मुलीच्या हातात दिलं. साध्या मुळाच्या टोकाला केसांसारखी लव असते. इथे ती नव्हती. टोक आखूड, फुगीर, आणि त्यावर पायमोजा चढवल्यासारखं पांढरं मखमली आवरण. ते आवरण कवकाचं. त्यातून तंतू आत जातात, मुळाच्या पेशींच्या फटींतून जाळं विणतात, पण पेशीत शिरत नाहीत. बाहेरच्या बाजूला तेच तंतू दूरवर मातीत जातात, जिथे मुळाला पोचताच येत नाही, आणि पाणी, स्फुरद, नत्र आणून देतात. बदल्यात झाड साखर देतं. काही मोजमापांत झाडाने बनवलेल्या साखरेचा पाचवा हिस्सा या देण्यात गेलेला दिसला आहे. १८८५ मध्ये जर्मनीच्या आल्बर्ट फ्रांक यांनी या जोडगोळीला मायकोरायझा, म्हणजे कवकमूळ, हे नाव दिलं. सरकारने त्यांना खरं तर ट्रफल नावाच्या महागड्या कवकाची लागवड जमते का ते पाहायला सांगितलं होतं. लागवड बाजूला राहिली आणि झाडाचं मूळ एकटं नसतं, हे कळलं.

मुलगी बराच वेळ भिंगातून डोळा काढेना. मग तिने विचारलं, "म्हणजे झाडं खालून एकमेकांशी बोलतात ते खरं?" १९९७ मध्ये कॅनडातल्या सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी एका झाडातला कार्बन दुसऱ्या जातीच्या झाडात पोचल्याचं दाखवलं, आणि मग या गोष्टीला फार पाय फुटले. २०२३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि म्हटलं की रानात याची सिद्धता जेवढी सांगितली जाते तेवढी नाही. मी तिला हेच सांगितलं, आणि वर माझं मत: हातात धरलेल्या या एका मुळावर जे दिसतं तेवढंच पुरेसं मोठं आहे. त्याला कथेची फोडणी द्यायची गरज नाही.

कक्का ऐकत होते. ते म्हणाले, वनविभागाच्या नर्सरीत कामाला असताना सरईचं रोप पिशवीत जगवायला फार त्रास व्हायचा. जुने मजूर जंगलातली मूठभर माती आणून टाकत. सरईचं बी मुळात आठवड्याभरात उगवणशक्ती गमावतं, पडल्या पडल्या पावसात रुजलं तरच रुजतं. आणि ती मूठभर माती म्हणजे कवकाचं विरजण. सरई तोडून, जमीन नांगरून, मग पुन्हा सरई लावू म्हणणाऱ्यांनी त्या मुठीचा विचार आधी करावा, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी १०.३०

आडवं पडलेलं जुनं खोड. १९९० च्या दशकात मंडला-दिंडोरीच्या पट्ट्यात सालबोरर या भुंगेऱ्याची मोठी साथ आली होती आणि लाखो झाडं तोडावी लागली. कक्कांना ते दिवस आठवतात. भुंगेरे पकडून त्यांची मुंडकी मोजून दिली की पैसे मिळत. हे खोड इतकं जुनं नाही, पण मेलेल्या सरईचं पुढे काय होतं ते त्यावर वाचता येतं. एका बाजूला पंख्यासारखी, पट्ट्यापट्ट्यांची, कडक कवकं. लाकूड दाबलं तर पांढरट, ओलसर, धाग्यांचं, पिळता येईल असं. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन पचवणं ही जगातली फार अवघड गोष्ट आहे, आणि ती पुरती जमते मुख्यतः या पांढऱ्या कुजीच्या कवकांना. दुसऱ्या टोकाला लाकूड तपकिरी, चौकोनी भेगांचं, चिमटीत भुगा होणारं. तिथलं कवक निराळं: त्याने सेल्युलोज खाल्लं आणि लिग्निन मागे ठेवलं. भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री कुजकं लाकूड हिरवट उजळताना पाहायला लोक जातात, तो उजेडही लाकूड पचवणाऱ्या अशाच एका कवकाचा.

सकाळी ११.३०

वारूळ. लांबूनच पांढरे ठिपके दिसले आणि कक्कांचा चेहरा खुलला. भमोडी! माझ्या आजीच्या सात्या. टोपीला मध्ये टोकदार उंचवटा, देठ जमिनीत खोल गेलेला. कक्का उपटत नाहीत. काठीच्या टोकानं कडेची माती मोकळी करतात आणि देठ जिथे जमिनीला लागतो तिथून काढतात. आज एकच पूर्ण खणायची परवानगी मी मागितली. कोपरापर्यंत हात गेला तरी देठाचं मूळ संपेना. निमुळतं होत ते एका पोकळीत शिरलं होतं. पोकळीत अक्रोडासारखा सुरकुतलेला, तपकिरी, स्पंजाचा गोळा, आणि त्यावर खसखशीएवढे पांढरे मणी.

ही वाळवीची शेती. कामकरी वाळवी लाकूड आणि पाचोळा खाऊन येते, अर्धवट पचलेला ऐवज इथे रचते आणि त्यावर हे कवक वाढतं. वाळवीला जे पचत नाही ते कवक पचवतं, आणि ते मणी व जुना गोळा वाळवी खाते. माणसाला शेती करायला लागून दहा-बारा हजार वर्षं झाली. ही शेती काही कोटी वर्षांची आहे. या वंशाचं नाव टर्मिटोमायसिस. वाळवीशिवाय ते रानात आढळत नाही, आणि त्याची व्यापारी शेती अजून कुणाला जमलेली नाही. बाजारातली बटण किंवा धिंगरी अळंबी कंपोस्टावर, भुश्शावर येते. सात्या वारुळावरच येणार. घराच्या दाराला लागते म्हणून वाळवी मारा, पण रानातलं वारूळ फोडू नका.

गोळा होता तसा ठेवून माती परत लोटली. कक्कांनी वर पानं टाकली. निम्मी भमोडी त्यांनी काढलीच नाही.

दुपारी १.००

काकींच्या हातची भमोडीची भाजी, लसूण, मिरची, हळद, बाकी काही नाही. सोबत कोदोचा भात. जेवताना कोदोचाच विषय निघाला. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस इथून फार लांब नसलेल्या बांधवगडात तीन दिवसांत १० हत्ती दगावले. शेतातला कोदो त्यांनी खाल्ला होता, आणि बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष सापडलं. ते ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम वंशातली काही कवकं तयार करतात. काकींना हे नवं नव्हतं. "मताउना कोदो," त्या म्हणाल्या. माणसाला झिंग आणणारा, चक्कर, उलटी करणारा कोदो. कणसात दाणा भरताना आणि कापणीला पाऊस लागला की त्यांच्या सासूबाई तो कोदो वेगळा ठेवत, सहा महिने तरी शिजवत नसत, आणि आधी कोंबड्यांना घालून पाहत. धान्यात ओल राहिली की बुरशी धरते, हे त्यांच्या घरात कुणी शाळेत शिकलेलं नाही.

दुपारी २.३०

निघता निघता कक्कांचा सात वर्षांचा नातू परडी घेऊन धावत आला. शाळेमागच्या गवतातून त्याने सहा पांढऱ्या छत्र्या आणल्या होत्या. मोठ्या, भरदार, टोपीवर फिक्या तपकिरी खपल्या, देठावर सरकणारं कडं. दोन अजून अंड्यासारख्या मिटलेल्या. कक्कांची सून म्हणाली भमोडीच आहे. कक्कांनी एक उचलली, देठ पाहिला, परत ठेवली. "वारुळावरची नाही. आमची नाही." त्यांचा नियम एवढाच: ज्याचं नाव बाप-आजोबांनी सांगितलं ते खायचं. मीही उलटून पाहिलं. टोपीखालचे पडदे पांढरे होते, कोवळेपणी ते तसेच असतात. माझा संशय एका जातीवर होता, पण नुसत्या नजरेनं बोलायचं नाही, हा माझा नियम. एक छत्री घेतली. म्हटलं, माझा फोन येईपर्यंत बाकीच्यांना हात लावू नका.

सायंकाळी ५.३०

वाटेत पाऊस. प्रयोगशाळेत टोपली उघडली तर सगळं शाबूत. नमुने मांडणं, क्रमांक, तारीख, कोणत्या झाडाखाली, वास, रंग, कापल्यावर पडणारा डाग. मग शेवटचा रकाना, स्थानिक नाव. हा रकाना मी स्वतः वाढवून घेतला आहे. जगात सुमारे दीड लाख कवकांना शास्त्रीय नावं मिळाली आहेत, आणि अंदाज २२ ते ३८ लाखांचा आहे. म्हणजे कुंडमच्या रानात आज आम्ही ज्यांच्यावरून चालत गेलो त्यातली बरीच बिनानावाची असतील. १९५३ मध्ये एस. बी. सक्सेनांनी सागरजवळच्या पथरियाच्या रानातल्या मातीतून बाटलीसारखी बीजाणुपिशवी असलेलं एक कवक वेगळं काढलं. त्या वंशाचं नावच सक्सेनिया आहे. चमचाभर मातीतून नवा वंश! मुलीला ते नाव दाखवलं आणि आपणही काही नमुने पुण्याला आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय कवक संग्रहात पाठवू, असं सांगितलं. तिथला वाळवलेल्या कवकांचा संग्रह आजरेकरांच्या नावाचा आहे.

शाळेमागची छत्री शेवटी हातात घेतली. देठ टोपीलगत कापला. स्टीलच्या डब्यात निम्मा पांढरा, निम्मा काळा कागद अंथरला, त्यावर टोपी पडद्यांची बाजू खाली करून ठेवली, वर पाण्याचा एक थेंब, झाकण. पडद्यांवरचा प्रत्येक बीजाणू स्वतःच्या बुडाशी पाण्याचा बारीकसा थेंब धरतो. तो थेंब बीजाणूवर पसरला की त्या झटक्याने बीजाणू सुटतो आणि दोन पडद्यांच्या फटीतून सरळ खाली पडतो. तासाला लाखोंनी. रंग एकेकट्याचा दिसत नाही, ढीग पडला की दिसतो.

रात्री ९.००

वाळवणीचं यंत्र लावून घरी आले. डबा सोबत. आई स्वयंपाकघरात गोड्या मसाल्याचं भाजत होती. दगडफूल तिच्या हातात होतं. तेही कवकच, शैवालाला पोटाशी धरून राहणारं. या एका दिवसात कवक रानात खाल्लं, रानात पाहिलं, आणि आता आमटीत येणार होतं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत याच घरात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचं नाव दबल्या आवाजात घेतलं जात होतं, तेही खरं. आणि १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला ते औषधही बुरशीचंच.

रात्री १०.१५

डबा उघडला. टोपी उचलली. पांढऱ्या कागदावर पडद्यांची आरे आरे असलेली गोल छाप, आणि रंग हिरवट. कोवळ्या वाटाण्याला पीठ लावावं तसा. छत्र्यांमध्ये हिरवे बीजाणू फार थोड्यांचे असतात. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. गवतात, शाळेच्या मैदानात, गुरांच्या चराईत उगवते, खाण्याच्या छत्रीसारखी दिसते, आणि तासा-दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू करते. लहान मुलाला त्यात फार सोसावं लागतं.

कक्कांना फोन लावला. "टाका, कक्का. विषारी आहे." ते म्हणाले, "दीदी, तुम्ही गेलात तेव्हाच पुरून टाकली. शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून वर दगड ठेवलाय."

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलतो का, किड्यानं खाल्लंय का, या परीक्षा खोट्या आहेत. अमॅनिटातल्या सगळ्यात घातक जाती या साऱ्यांतून पास होतात. त्यांचं विष सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा लक्षण दाखवतं, मग एक दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत गेलेलं असतं. कुणी अनोळखी छत्री खाल्ली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. आणि तुमच्या घरात सात्या, टेकोडे, अळंबी ओळखणारी आजी असेल, तर या पावसाळ्यात तिच्याबरोबर एकदा जा आणि ती सांगेल ते नाव, जागा आणि महिना लिहून ठेवा.